गोचीड ताप : नाव एक, आजार तीन

पावसाळा सरत आला की गावोगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत एक तक्रार हमखास येते. कालपर्यंत चांगली असलेली संकरित गाय आज चारा खात नाही, रवंथ करत नाही, संध्याकाळचे दूध निम्म्यावर आले आहे. अंगाला हात लावला तर चटका बसावा इतके गरम. शेपटी उचलून पाहिली तर कासेच्या मागे, मांडीच्या आतल्या बाजूला गोचिडी चिकटलेल्या. मालक सांगतो, "गोचीड ताप आलाय." त्याचे म्हणणे बहुतेक वेळा बरोबरही असते.

अडचण त्यापुढची आहे. 'गोचीड ताप' हे एका रोगाचे नाव नाही. गोचिडीच्या चाव्यातून गाईच्या रक्तात शिरणारे तीन वेगवेगळे जंतू या एकाच नावाखाली मोडतात आणि तिघांवरची औषधे वेगवेगळी आहेत. चुकीचे औषध टोचले तर ताप उतरत नाही, पैसे जातात आणि त्याहून मोठे म्हणजे दोन-तीन दिवस जातात. या रोगांत दोन-तीन दिवस म्हणजे कधी कधी गाय वाचणे आणि न वाचणे यांतले अंतर असते. दहा दिवसांच्या दुधाच्या पगारावर घर चालवणाऱ्या कुटुंबासाठी गोठ्यातली एक दुभती गाय जाणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

या तिघांपैकी सर्वांत कमी बोलला जाणारा आणि निदानात सर्वांत जास्त हुलकावणी देणारा जंतू म्हणजे ॲनाप्लाझ्मा मार्जिनेल. त्याच्यामुळे होणाऱ्या रोगाला ॲनाप्लाझ्मोसिस म्हणतात. तिघांत हा एकटाच जिवाणू आहे.

तीन जंतू, तीन खुणा

पहिला थायलेरिया आणि दुसरा बबेसिया. हे दोन्ही एकपेशीय परजीवी, म्हणजे माणसातल्या हिवतापाच्या जंतूचे दूरचे भाऊबंद. थायलेरिया आधी पांढऱ्या पेशींत वाढतो, त्यामुळे खांद्याच्या पुढच्या आणि मांडीजवळच्या लसिका ग्रंथी सुजून हाताला गाठीसारख्या लागतात. बबेसिया तांबड्या पेशी रक्तवाहिनीतच फोडतो, त्यामुळे पेशींतला लाल रंग मूत्रपिंडातून बाहेर पडतो आणि लघवी लाल किंवा कॉफीच्या रंगाची होते.

तिसरा ॲनाप्लाझ्मा. हा रिकेट्सियांच्या कुळातला अतिसूक्ष्म जिवाणू. माणसांत स्क्रब टायफससारखे ताप आणणारे जंतू याच कुळातले. इतर पुष्कळ जिवाणू प्रयोगशाळेत साध्या खाद्यद्रव्यावर वाढवता येतात, हा येत नाही. त्याला जगायला जिवंत पेशीच लागते आणि गाईच्या शरीरात तो तांबड्या पेशीत घर करतो. म्हणून 'रक्त कल्चरला पाठवले, तीन दिवसांनी जंतू कळला' हा माणसांच्या रुग्णालयातला नेहमीचा मार्ग इथे बंद असतो.

थायलेरियावर बुपारव्हाकोन, बबेसियावर डिमिनाझिन, ॲनाप्लाझ्मावर ऑक्सिटेट्रासायक्लिन ही नेहमीची औषधे. बुपारव्हाकोनने ॲनाप्लाझ्मा मरत नाही. ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या एकट्याच्या जोरावर जोमात आलेला थायलेरिया किंवा बबेसिया आवरत नाही. म्हणून 'गोचीड ताप आहे' एवढ्यावर निदान थांबवता येत नाही.

काठावरचा ठिपका

या रोगाची ओळख पटायला विज्ञानालाही वेळ लागला. १८९३ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न या दोघांनी गुरांचा 'टेक्सास फीव्हर' गोचिडीमुळे पसरतो हे प्रयोगांनी दाखवून दिले. डासामुळे हिवताप पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत शोधले ते १८९७ मध्ये, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी. टेक्सास फीव्हरचा जंतू म्हणजे आजचा बबेसिया. पण स्मिथ यांना काही गुरांच्या तांबड्या पेशींच्या काठाशी बारीक ठिपकेही दिसले होते. ते त्याच जंतूच्या वाढीची एखादी अवस्था असावी, असा त्यांचा समज झाला.

हा गुंता सोडवला दक्षिण आफ्रिकेत काम करणारे स्विस वंशाचे पशुवैद्य अर्नोल्ड थायलर यांनी. १९१० मध्ये त्यांनी दाखवले की हे ठिपके स्वतंत्र जंतू आहेत आणि त्यांचा रोगही स्वतंत्र आहे. सूक्ष्मदर्शकाखाली या ठिपक्याभोवती पेशीद्रव्य दिसत नव्हते, म्हणून 'ॲनाप्लाझ्मा', आणि तो पेशीच्या काठाशी दिसत होता, म्हणून 'मार्जिनेल'. तो मुळात जिवाणू आहे हे मात्र पुष्कळ नंतर, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर स्पष्ट झाले. पुढे २००५ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडाही प्रसिद्ध झाला.

मूळ घोटाळा आजही गोठ्यात तसाच होतो. लक्षणे सारखी, गोचीड तीच, आणि अनेकदा एकाच गाईत दोन जंतू एकत्र नांदत असतात.

रक्तात काय घडते?

जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक आठवड्यापासून दोन महिन्यांपर्यंत काळ जाऊ शकतो. साधारणपणे चार आठवडे लागतात. या काळात गाय ठणठणीत दिसते. आतमध्ये मात्र बाधित पेशींची संख्या जवळजवळ रोज दुप्पट होत असते.

दुप्पट होण्याचा हिशेब फसवा असतो. आज हजारात एक तांबडी पेशी बाधित असेल तर उद्या दोन, परवा चार. असे करत आठव्या दिवशी हजारात अडीचशेच्या वर, म्हणजे चारातली एक पेशी बाधित होते. पहिल्या सहा दिवसांत मालकाला काही जाणवत नाही आणि शेवटच्या दोन दिवसांत गाय बसते. 'काल तर बरी होती' हे मालकाचे वाक्य म्हणूनच खोटे नसते.

ॲनाप्लाझ्मा तांबड्या पेशी स्वतः फोडत नाही. शरीराची संरक्षण यंत्रणाच बाधित पेशी ओळखते आणि पाणथरीत नेऊन त्यांचा फडशा पाडते. पेशी मोडण्याचे काम रक्तवाहिनीच्या आत न होता पाणथरीत होते, म्हणून लघवी लाल होत नाही. मोडलेल्या पेशींतून तयार झालेले पिवळे रंगद्रव्य मात्र शरीरात साठते आणि कावीळ दिसू लागते. रक्त पातळ, पाण्यासारखे होते. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात. त्याच घटल्या की हृदय आणि फुप्फुसे दुप्पट कामाला लागतात. गाय धापा टाकते, दोन पावले चालली तरी थकते.

वयाचा हिशेब इथे माणसांच्या उलटा आहे. लहान वासराला लागण झाली तरी बहुधा सौम्यच होते. एक ते दोन वर्षांच्या कालवडीला ठळक आजार होतो, पण ती सहसा तरते. दोन वर्षांवरील जनावराला मात्र पहिल्यांदाच लागण झाली आणि उपचार मिळाले नाहीत, तर आजारी पडलेल्यांपैकी निम्म्यापर्यंत दगावू शकतात. म्हणून गोचिडी नसलेल्या भागातून किंवा अतिशय स्वच्छ बंदिस्त फार्ममधून आणलेली महागडी, भरात आलेली गाय गावच्या गोठ्यात आल्यावर महिन्या-दीड महिन्यात आजारी पडते, तेव्हा हा रोग मनात आणावा लागतो. नवीन जागेचे पाणी मानवले नाही, अशी समजूत करून घेण्यात वेळ जातो.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १९ कोटींहून अधिक गोवंश आहे आणि त्यात पाच कोटींहून अधिक जनावरे संकरित किंवा विदेशी आहेत. खिल्लार, डांगी, देवणी, लाल कंधारी अशा आपल्या जाती पिढ्यान् पिढ्या गोचिडींबरोबर वाढल्या. होल्स्टीन किंवा जर्सीच्या रक्ताची गाय दूध जास्त देते, पण गोचीड आणि तिने आणलेले आजार तिला अधिक जड जातात. दुधाबरोबर निदानाची जबाबदारीही वाढली आहे, ती अशी.

गोठ्यातच मिळणारे पुरावे

निदानाची सुरुवात प्रयोगशाळेत होत नाही, गोठ्यात होते. अनुभवी पशुवैद्यक आधी तापमान घेतो. गाईचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइटच्या दरम्यान असते. या रोगात ते १०४ च्या पुढे जाते. मात्र अगदी खालावलेल्या गाईचे तापमान उतरते, ते नेहमीपेक्षाही खाली जाते. ताप नाही म्हणून गाय सुधारली असे धरू नये.

मग तो खालची पापणी ओढून पाहतो, तोंडाच्या आतली आणि योनीच्या आतली त्वचा पाहतो. नेहमीची गुलाबी झाक जाऊन ती पांढुरकी झाली असेल तर रक्तक्षय, पिवळी झाली असेल तर कावीळ. लघवीचा रंग विचारतो. लाल असेल तर संशय बबेसियाकडे वळतो. गडद पिवळी असेल तर ॲनाप्लाझ्माकडे. खांद्यापुढच्या गाठी चाचपतो; त्या मोठ्या असतील तर थायलेरिया. ॲनाप्लाझ्मोसिसमध्ये शेण अनेकदा घट्ट, गडद आणि कमी पडते. गाय गाभण असेल तर ती गाभडण्याचीही भीती असते.

या खुणा उपयोगाच्या आहेत, पण शंभर टक्के भरवशाच्या नाहीत. लेप्टोस्पायरोसिसमध्येही कावीळ होते. काही विषारी वनस्पती खाल्ल्यानेही रक्त मोडते. व्यायल्यानंतर काही आठवड्यांत फॉस्फरसच्या कमतरतेनेही रक्तपेशी फुटतात आणि लघवी लाल होते. त्यात सहसा ताप नसतो. माणसांच्या दवाखान्यात पावसाळ्यातला ताप पाहून हिवताप, डेंग्यू की लेप्टो हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही, तसेच हे आहे.

एक काळजी मालकाने घ्यायची. रक्त फार कमी झालेल्या गाईला दोर लावून ओढत, पळवत दवाखान्यात नेऊ नये. तिच्याकडे तेवढ्या श्रमाला पुरेल इतका प्राणवायूच नसतो. अशी जनावरे वाटेत कोसळतात. मेंदूला प्राणवायू कमी पडल्याने एरवी गरीब असलेली गाय अंगावर धावूनही येते. शक्य असेल तर पशुवैद्यकालाच गोठ्यावर बोलवावे आणि तोवर गाईला सावलीत, पाण्याजवळ ठेवावे.

काचेवरचा एक थेंब

खरा उलगडा होतो काचपट्टीवर. हिवतापाच्या तपासणीसाठी आरोग्यसेवक बोट टोचून काचपट्टी घेतो, ते बहुतेकांनी पाहिले आहे. गाईचे तंत्र तेच, पण त्यात एक बारकावा आहे. बबेसियाचा संशय असेल तर कानाच्या किंवा शेपटीच्या टोकाचे रक्त चांगले, कारण बबेसियाच्या काही जातींनी बाधित झालेल्या पेशी बारीक केशवाहिन्यांत अडकून साठतात. ॲनाप्लाझ्माच्या पेशी तशा साठत नाहीत, त्यामुळे मानेच्या मोठ्या शिरेतले रक्त योग्य ठरते. कोणता जंतू आहे हे आधी ठाऊक नसतेच, म्हणून दोन्ही ठिकाणच्या काचपट्ट्या घेणे शहाणपणाचे.

थेंब काचेवर पातळ पसरवायचा, हवेत वाळवायचा, मिथेनॉलमध्ये बुडवून पक्का करायचा आणि गिम्सा नावाच्या रंगाने रंगवायचा. हजारपट मोठे करून पाहिले की फिकट गुलाबी तांबड्या पेशींच्या काठाशी गडद जांभळा, गोल, भरीव ठिपका दिसतो. त्याचा व्यास असतो एक मायक्रॉन किंवा त्याहून कमी, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. त्या एका ठिपक्यात चार ते आठ जिवाणू दाटीने बसलेले असतात. बबेसियाचा जंतू याहून मोठा, पेअरच्या फळाच्या आकाराचा आणि बहुधा जोडीने दिसतो. थायलेरिया तांबड्या पेशीत अंगठीसारखा, आणि सुजलेल्या ग्रंथीतून सुईने काढलेल्या द्रवात 'कॉखच्या निळ्या कणिका' या रूपात सापडतो.

इतक्या लहान ठिपक्याने फसवणूक करणे सोपे असते. रंग नीट गाळला नसेल तर त्याचे कण पेशीवर बसतात आणि जंतूसारखे दिसतात. रक्तक्षयात शरीर घाईने अर्धवट तयार पेशी रक्तात सोडते. त्यांत केंद्रकाचा उरलेला कण असतो, तोही गोल आणि गडद. हा कण आणि जंतू यांतला फरक कळायला सराव लागतो. काच नीट रंगवलेली असणे आणि पाहणाऱ्याकडे वेळ असणे, या दोन गोष्टी महागड्या यंत्राहून मोलाच्या ठरतात.

दुसरी फसवणूक वेळेची. ऐन तापात, औषध देण्यापूर्वी घेतलेली काचपट्टी सर्वांत जास्त बोलते. आधी ऑक्सिटेट्रासायक्लिनचे इंजेक्शन देऊन, गुण आला नाही म्हणून तिसऱ्या दिवशी रक्त घेतले तर ठिपके दिसतीलच असे नाही. गाय सावरू लागल्यावरही ते दिसेनासे होतात. मागे उरतो तो नुसता रक्तक्षय. म्हणून नियम साधा आहे: आधी रक्त, मग औषध. उपचार थांबवण्याची गरज नाही. काचपट्टी घ्यायला पाच मिनिटे लागतात आणि औषध त्याच भेटीत सुरू करता येते. सोबत गोठू न देणाऱ्या नळीत थोडे रक्त घेतले तर पुढची तपासणीही शक्य होते आणि रक्तातल्या पेशींचे प्रमाण किती खाली आले तेही कळते. निरोगी गाईत हे प्रमाण साधारण २४ ते ४६ टक्के असते.

जनावर दगावलेच तरी निदानाची वाट बंद होत नाही. शवविच्छेदनात पाणथरी सुजलेली, पित्ताशय घट्ट पित्ताने तटतटलेले, मांस पिवळसर दिसते आणि यकृत, मूत्रपिंड, हृदय यांचे ठसे काचेवर घेऊन जंतू शोधता येतो. गोठ्यातल्या उरलेल्या जनावरांसाठी ती माहिती लाखमोलाची असते.

यंत्र 'हो' म्हणाले, तरी?

हजारात एक-दोनपेक्षा कमी पेशी बाधित असतील तर काचपट्टीवर जंतू सापडणे कठीण. आजारी गाईसाठी ही मर्यादा फारशी आड येत नाही, कारण तिच्यात बाधित पेशी शेकड्याने असतात. आड येते ती वाहक गाईच्या बाबतीत.

या रोगातून वाचलेली गाय बहुधा जन्मभर जंतू बाळगून राहते. जिवाणू आपल्या बाहेरच्या प्रथिनांचे रूप सतत बदलत राहतो. शरीर एक रूप ओळखून त्याचा बंदोबस्त करते, तोवर दुसरे रूप वाढू लागते. ही लपाछपी वर्षानुवर्षे चालते. गाय खाते, पिते, दूध देते. पुन्हा सहसा आजारीही पडत नाही. पण तिला चावलेली गोचीड तो जंतू दुसऱ्या गाईपर्यंत नेऊ शकते.

अशी वाहक गाय शोधायला दोन मार्ग आहेत. पहिला पीसीआर, ज्याचे नाव करोनाच्या साथीत घरोघरी पोचले. यात जंतूचा जनुकीय धागा शोधतात. याचा अतिसंवेदनशील प्रकार एका मिलिलीटर रक्तातल्या साधारण ३० बाधित पेशींपर्यंत पोचतो. त्याच मिलिलीटरमध्ये एकूण तांबड्या पेशी अब्जावधी असतात. दुसरा मार्ग एलायझा. यात जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधतात. कळपात रोग किती पसरला आहे हे पाहायला, किंवा गाय विकत घेण्यापूर्वी तपासायला तो सोयीचा. मात्र लागण झाल्यावर प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो आणि एकदा तयार झाली की ती दीर्घकाळ राहतात. म्हणून आज आलेला ताप कशाचा, हे एकटा एलायझा सांगू शकत नाही.

इथेच सर्वांत मोठा गोंधळ होतो. ज्या गावात निम्म्या गाई वाहक असतील, तिथे तापलेल्या कोणत्याही गाईचा पीसीआर 'पॉझिटिव्ह' येण्याची शक्यता निम्मी. तो ताप न्यूमोनियाचा असेल, कासदाहाचा असेल किंवा थायलेरियाचा; ॲनाप्लाझ्मा मात्र रक्तात आधीपासून शांत बसलेला असेल. तेव्हा अहवाल खरा असतो आणि निदान चुकते. जंतू सापडला आणि जंतूने आजार केला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काचपट्टीवर भरपूर ठिपके, रक्तक्षय, कावीळ, ताप आणि लघवी लाल नसणे, हे सारे एकत्र जुळले तर निदान पक्के. नुसता कागद हाती घेऊन उपचार करू नयेत.

तिन्ही औषधे एकदम का देऊ नयेत?

प्रश्न रास्त आहे. तपासणीला वेळ लागतो, मग तिन्ही जंतूंवरची औषधे टोचून मोकळे का होऊ नये? खरोखर मिश्र लागण असेल किंवा गाय अत्यवस्थ असेल तर पशुवैद्यक विचारपूर्वक एकाहून जास्त औषधे देतोही. इमिडोकार्बसारखे औषध बबेसिया आणि ॲनाप्लाझ्मा दोन्हींवर चालते. पण सरसकट तसे करण्याची किंमत मोठी आहे. या औषधांचे दुष्परिणाम आहेत, आणि आधीच खचलेल्या यकृत-मूत्रपिंडांवर त्यांचा भार पडतो. खर्चही मोठा होतो. शिवाय टेट्रासायक्लिन गटाची औषधे माणसांनाही लागतात. स्क्रब टायफस आणि लेप्टोस्पायरोसिसवर याच गटातले डॉक्सिसायक्लिन वापरतात. गोठ्यात ती उधळली गेली तर औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार होतात आणि ते जनावर-माणूस असा भेद करत नाहीत.

ऑक्सिटेट्रासायक्लिन योग्य मात्रेत आणि वेळेत मिळाले तर गाय चांगली सावरते. मात्रा व कालावधी पशुवैद्यकानेच ठरवायचा. रक्त फारच खाली गेले असेल तर दुसऱ्या निरोगी गाईचे रक्त देऊन प्राण वाचवता येतात. उपचार चालू असताना आणि औषधाच्या वेष्टनावर सांगितलेले दिवस पुरे होईपर्यंत ते दूध डेअरीत घालू नये, घरातही वापरू नये. ताप उतरला तरी रक्त भरून यायला काही आठवडे लागतात. तोवर गाय अशक्तच असते, हे दुधाची घाई करणाऱ्याने लक्षात ठेवावे.

थायलर यांनी १९११ मध्ये ॲनाप्लाझ्मा सेंट्राले हा सौम्य चुलतभाऊ शोधला आणि त्याचाच लस म्हणून उपयोग केला. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इस्राएलमध्ये ती लस वापरात आली. आपल्याकडे मिळणारी थायलेरियाची लस वेगळी. ती ॲनाप्लाझ्मापासून संरक्षण देत नाही.

सुई, माशी आणि भिंतीच्या भेगा

ॲनाप्लाझ्मा पसरायला गोचीड लागतेच असे नाही. रक्त पिणाऱ्या गोमाश्या एका गाईचे ताजे रक्त तोंडाला लावून दुसरीला चावतात, तेवढ्यानेही तो पोचतो. त्याहून लाजिरवाणा मार्ग माणसाच्या हातातला आहे. एकाच सुईने दहा गाईंना इंजेक्शन देणे, शिंगे कापण्याची किंवा कानात बिल्ला मारण्याची हत्यारे न धुता वापरणे. एका जनावराला एक सुई, हा नियम माणसांच्या दवाखान्यात आता कुणाला सांगावा लागत नाही. गोठ्यात तो मालकाने आग्रहाने मागावा.

गोचीड अंगावर दिसते तेव्हा तिचे निम्मे आयुष्य गोठ्यात असते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, भिंतीच्या भेगेत किंवा गव्हाणीच्या फटीत शिरते आणि दोन-तीन हजार अंडी घालते. म्हणून औषध फक्त गाईच्या अंगावर मारून भागत नाही. भेगा लिंपणे, गोठा कोरडा ठेवणे, अंगावरचे औषध आणि गोठ्यातली फवारणी एकाच वेळी करून ठरावीक दिवसांनी पुन्हा करणे, हे सगळे मिळून उपाय होतो. एकच औषध वर्षानुवर्षे वापरल्याने काही भागांत गोचिडी त्याला जुमानत नाहीत. अशा वेळी मात्रा वाढवणे घातक; पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषधाचा गट बदलावा. फवारणी करताना हातमोजे आणि तोंडाला फडके हवेच. ही औषधे माणसालाही विषारी आहेत. शेतीच्या फवारणीचे औषध अंदाजाने गाईवर मारणे तर कधीच नको.

ॲनाप्लाझ्मा मार्जिनेल माणसाला होत नाही. आजारी गाईची शुश्रूषा करणाऱ्याने घाबरू नये. मात्र गोचिडीचा चावा माणसाला अगदी निरुपद्रवी नाही. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या काही भागांत आढळलेला माकडताप गोचिडीतूनच येतो, तो विषाणूचा. रिकेट्सियाचे तापही तसेच. रानात किंवा गोठ्यात काम करणाऱ्याला तीव्र ताप आला तर अंगावर गोचीड चिकटली होती का, हे त्याने डॉक्टरांना आपणहून सांगावे. उपचाराची दिशा त्या एका वाक्याने बदलू शकते.

पशुवैद्यकाला फोन करण्यापूर्वी पाच गोष्टी पाहून ठेवाव्यात: ताप किती, लघवीचा रंग कोणता, पापणीच्या आतला रंग कोणता, खांद्यापुढे गाठ लागते का आणि गाय गोठ्यात कधी व कुठून आली. यासाठी पैसे लागत नाहीत. मग एक विनंती करावी, की इंजेक्शन देण्यापूर्वी काचपट्टी घ्या. काचपट्ट्या जवळच्या पशुरोग निदान प्रयोगशाळेत किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवता येतात. हातावर पोट असलेल्या घरात गाय आजारी पडते तेव्हा 'काहीतरी टोचा' असे म्हणण्याची घाई समजण्यासारखी आहे. पण त्या घाईतही रक्ताच्या एका थेंबापुरती पाच मिनिटे काढता येतात, आणि गाय कोणत्या रोगाने तापली आहे हे तोच थेंब सांगतो.